शेवटच्या कडव्यातलं नाव

ओमानमधल्या सोहारच्या त्या हॉलमध्ये आता सोफ्यांचं दुकान आहे. काचेमागे मखमली खुर्च्या, आणि जिथे आमचा मंच असायचा तिथे एक भलामोठा पलंग मांडून ठेवलाय. मस्कतला नवऱ्याचं काम होतं, मला काहीच नव्हतं, म्हणून सकाळची बस पकडून मी इकडे आले. इतक्या वर्षांनी गाव ओळख देईल का, अशी उगाच धाकधूक होती. पण बसमधून उतरले आणि डोळ्यांच्या आधी नाकाने ओळख पटवली. समुद्राकडून वाळत घातलेल्या तारली माशांचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला कुणाच्या तरी दारातल्या लुबानाचा धूर. मी तिथेच उभी राहून लांब श्वास घेतला. शेजारी उतरलेल्या बाईने नाकाला ओढणी लावली होती. तिचं तिच्यापाशी.

माझ्यासाठी हा वास म्हणजे सुजातावहिनी. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा दादाने हौसेने तिला समुद्र दाखवायला नेलं, मीही मागच्या सीटवर होतेच. किनाऱ्यावर तारल्यांची चांदी पसरलेली. वहिनी चपला काढून त्यांच्यामधून चालत गेली, एक उचलून वास घेतला, आणि हे सगळं गुराढोरांना घालतात असं कळल्यावर तिचा चेहरा असा उतरला की दादाला वाटलं, हिला घरची आठवण आली. आठवण नव्हती, संताप होता. एवढी चांगली तारली गाईला घालतात म्हणजे काय, हा प्रश्न ती नंतर आठवडाभर विचारत होती.

आम्ही तेव्हा फलज नावाच्या वस्तीच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. दादा ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन होता. वितळलेल्या धातूच्या भट्ट्यांपाशी पाळी करून यायचा आणि घरात पाय ठेवताच पंख्याखाली आडवा व्हायचा. मी भारतीय शाळेत शिकवायचे. दुपारी शाळा सुटून मी घरी आले की जिन्यातच वहिनीचा आवाज कानावर यायचा. खिडकीतला जुना एसी दिवसभर एका सुरात घरघरायचा, आणि वहिनी कांदा चिरता चिरता त्याच सुराला धरून गायची. पेटी नाही म्हणून तिने कधी तक्रार केली नाही. आपला एसी काळी दोनमध्ये बोलतो, असं ती पाहुण्यांनाही ठणकावून सांगायची. पाहुणे मान डोलवायचे.

तिचा गळा कुठून आला ते सांगायला हवं. तिचे वडील, आबा, म्हणजे देवरुखकडचे शाहीर गंगाराम. त्या पट्ट्यात त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंती असो, लग्न असो, बारसं असो, पार्टीला बोलावणं यायचं. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी आणि ढोलकी, मागे कोरस. गायकाने ओळ टाकायची, कोरसने ती उचलायची. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव यायचं. ‘सांगे गंगाराम’ हे शब्द आले की ऐकणाऱ्याला कळायचं, गाणं संपत आलं आणि ते कुणाचं आहे. ती शाहिराची सही. वहिनी परकर नेसायच्या वयात कोरसमध्ये बसली, मग सरकत सरकत पुढे आली आणि मुख्य गायिका झाली. भीमगीतं, कव्वाल्या, लग्नातली चेष्टेची गाणी, सगळं आबांनी बांधलेलं. त्यामुळे शेवटचं कडवं आलं की तिच्या तोंडून आबांचं नाव आपोआप बाहेर पडायचं, जसा जेवून उठताना आपला हात तांब्याकडे जातो.

तिला कंट्री गाणी दिली ती आग्नेलने. आग्नेल दादाच्याच कारखान्यात थंड हवेची यंत्रं सांभाळायचा. मडगावचा. गोव्याच्या माणसांना या अमेरिकन गाण्यांचं एवढं वेड कशाने लागतं हे मला आजही कळलेलं नाही, पण आग्नेलच्या गाडीत दुसरं काही वाजतच नसे. ट्रक, रेल्वे, धुळीचे रस्ते, सोडून गेलेली बायको, आईचं स्वयंपाकघर. मला ते सगळं एकाच माणसाचं रडगाणं वाटायचं. वहिनीने मात्र मागच्या सीटवर बसून चार गाणी ऐकली, मला अर्थ विचारला आणि निकाल देऊन टाकला की ही तर आपलीच गाणी आहेत. नोकरीसाठी घर सोडायचं, दारूपायी संसार मोडायचा, बापाच्या आठवणीने रडायचं. यात फक्त मोर्चा नाही, एवढीच काय ती कमी.

आग्नेलने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बाय, तू गा. बाकीचें हांव पळयतां."

बाकीचं त्याने खरंच बघितलं, आणि आमच्या घरात गिटार आली. दर शुक्रवारी सकाळी आग्नेल यायचा, वहिनीच्या हातचं सुरमईचं कालवण जेवायचा आणि संध्याकाळपर्यंत तारा छेडत बसायचा. उच्चार मी घ्यायचे. शाळेत मुलं माझे इंग्रजी उच्चार सुधारायची, घरी मी वहिनीचे. मला ती मास्तरीणबाई म्हणायची आणि माझ्यासमोर पोरासारखी हात पुढे करून छडी मागायची. शब्द तिला लवकर यायचे, कारण ती ते वाचायची नाही, चघळायची. भिंतीपलीकडचे मल्याळी शेजारी आधी भिंत ठोकायचे, मग ठोकायचे थांबले, मग फर्माईश पाठवू लागले.

कारखान्याचा कौटुंबिक मेळावा समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर व्हायचा. हिवाळ्यातली ती संध्याकाळ माझ्या अंगावर अजून आहे. खारा वारा, शेगडीवरच्या मांसाचा धूर, पोरांची पळापळ, आणि मंचावर निळ्या सुती साडीवर दादाचं जीन्सचं जॅकेट चढवलेली वहिनी. स्टेशनवर मुलीची वाट बघणाऱ्या बापाचं एक जुनं अमेरिकन गाणं तिने घेतलं होतं. पहिलं कडवं झालं तेव्हा गोरे इंजिनिअर बोलायचे थांबले. दुसऱ्याला आमचे लोक थांबले. तिसरं, शेवटचं कडवं आलं. वहिनीने डोळे मिटले, इंग्रजी ओळ सुरेख वळवून आणली आणि तिच्या शेपटीला, अगदी मात्रेत बसवून, म्हणाली, ‘सांगे गंगाराम’.

दादाने कपाळाला हात लावला. आग्नेलची बोटं क्षणभर अडखळली आणि पुढे गेली. वहिनीला काय झालं ते टाळ्या सुरू झाल्यावर कळलं. एक लालबुंद स्कॉटिश साहेब उठून उभा राहिला आणि हा गंगाराम कोण, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "माय फादर, सर." हिरवळीवर पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी जास्त मोठ्या.

तिथून तिचं गाणं धावायला लागलं. त्याच हॉटेलने परवानग्यांचं सगळं मार्गी लावून तिला बोलावणं पाठवलं. इथली सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली त्या वर्षापासून दर गुरुवारी संध्याकाळी ती हॉटेलच्या बागेत गाऊ लागली. नुसतं कंट्रीवर तिचं भागेना. पॉप गाणं घेऊन ते इतकं सावकाश करायची की त्यात लपलेली रडकी ओळ वर यायची, आणि रडक्या कंट्री गाण्याखाली ढोलकी घालून लोकांना नाचवायची. आग्नेल आधी कुरकुरला, मग त्यालाही चटक लागली. मस्कतहून, पार सूर शहरातून लोक गाड्या काढून यायचे. गोरे लोक ‘गंगाराम, गंगाराम’ म्हणून ते स्टेशनचं गाणं मागायचे, आणि वहिनीही आता ते नाव मुद्दाम घेऊ लागली होती. मला तिचा अभिमान वाटायचा. शाळेतल्या बायका, तुझी वहिनी हॉटेलात गाते का, असं तोंड वाकडं करून विचारायच्या, तेव्हा मी पुढच्या गुरुवारची त्यांची जागा राखून ठेवू का म्हणून विचारायचे.

पण गोष्टी गावापर्यंत पोचतात. आपल्यातल्याच कुणीतरी आबांना फोन करून सांगितलं की तुमचं नाव इकडे दारूच्या ग्लासांमध्ये घेतलं जातं. आबांचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. वहिनीने फोन स्पीकरवर ठेवला होता, हाताला पीठ होतं म्हणून.

"दारू पिनाऱ्यांसमोर गायलीस, त्याचं मला काय न्हाय," आबा म्हणाले. "आपल्या लग्नात लोक काय दूध पितात? पन सुजे, ते गानं मी बांदलेलं न्हाय. कुनी बांदलं असंल त्याच्या गान्याखाली माजं नाव घातलंस. ही चोरी झाली. माज्या नावाने झाली."

ती काही बोलायच्या आत फोन बंद झाला. त्यानंतर आबा फोनवर यायचे थांबले. आई यायची, भाऊ यायचा, आबा अंगणात आहेत, आबा झोपलेत, आबा पाड्यात गेलेत. वहिनीने पुढच्याच गुरुवारी बागेत सांगून टाकलं की हे गाणं गंगारामचं नाही, तेव्हा यापुढे ते नाव येणार नाही. लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. ती हसली नाही. गाणं तिचं दिवसेंदिवस चढत होतं, आणि ज्याने तिला गायला शिकवलं तो माणूस तिचा आवाज ऐकायला तयार नव्हता. तिला बाकी काही नको होतं, आबांनी पुन्हा एकदा तिचं गाणं ऐकावं, एवढंच हवं होतं.

त्या वर्षीचा रमजान भर उन्हाळ्यात आला. त्या महिन्यात बाहेर गाणंबजावणं बंद. हॉटेलच्या बागेतल्या खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, रस्ते दुपारभर ओस. घरी दादा रात्रपाळी करून झोपलेला असायचा. म्हणून आम्ही दादाची गाडी घेऊन समुद्रावर जायचो, काचा घट्ट लावायचो, एसी सोडायचो आणि वहिनी गाडीत हलक्या आवाजात गायची. पाणी प्यायचं तर सीटखाली वाकून प्यायचं, उगाच कुणाच्या रोजाचा मान जायला नको. बाहेर ऊन इतकं की समुद्र पांढरा दिसायचा. त्या गाडीत तिने पहिल्यांदा स्वतःचं गाणं बांधलं. आयुष्यभर मोठ्या आवाजात गायलेली बाई त्या महिन्यात पुटपुटायला शिकली, आणि मला वाटतं तिचा खरा आवाज तोच होता.

गाणं साधं होतं.

वाळूत सुकते तारली, वारा आणी गाव,
परक्या किनाऱ्यावरती कोण विचारी नाव.

चाल आग्नेलच्या गिटारीवर चालायची, पण ठेका आबांच्या पार्टीचा होता. ऐकणाऱ्याला ते कंट्री वाटावं, पॉप वाटावं की वाडीतलं गाणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. गाणं पुरं झालं, फक्त शेवटचं कडवं अडलं. आबांचं नाव घालायचं तर पुन्हा तीच चोरी, कारण हे गाणंही त्यांनी बांधलेलं नव्हतं. स्वतःचं घालायचं तर त्यांच्या पार्टीत त्याचा अर्थ एकच होता. गुरूने हो म्हटल्याशिवाय शिष्याने आपलं नाव घेतलं की तो पार्टी सोडून गेला. शेवटी तिने त्या जागी शब्दच ठेवले नाहीत. नुसतं गुणगुणून गाणं संपवलं. ईदनंतर आग्नेलने ते घरातच फोनवर टिपलं. एसीची घरघर त्यात ऐकू येते.

ते व्हॉट्सॲपवरून सोहारहून मस्कतला गेलं, तिथून दुबईला, आणि महिन्याभरात चिपळूणच्या रिक्षांमध्ये वाजायला लागलं. मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीतून फोन आला. बोलणारा पोरगेला आवाज दर वाक्याला मॅम म्हणत होता. वहिनीने शेवटच्या कडव्याचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला की ते नकोच, गुणगुणणंच छान आहे, आजकाल गाण्यात असं नाव घालतं कोण. दादाला तर एवढा आनंद झाला होता की त्याला पुढचं काही ऐकूच येत नव्हतं.

"यल्ला, सही करून टाक. खलास," तो म्हणाला. "बाद में सोचेंगे ते कडवं-बिडवं."

वहिनीने त्या पोराला सांगितलं की जयंती झाल्यावर कळवते. कारण जयंतीला आबा येणार होते. ते का यायला तयार झाले, आईने त्यांना काय समजावलं, व्हिसाचं कसं जमलं, यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते विमानतळावरून आमच्याबरोबर येताना खिडकीतून डोंगर बघत बसलेले आबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मांडीवर आंबापोळीचा डबा. सगळ्यांची चौकशी त्यांनी केली, अगदी दादाच्या भट्ट्यांची सुद्धा. गाण्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर नेलं तर तारली उचलून वास घेतला आणि मीठ कमी पडलंय म्हणाले. बापलेक त्या वाळूत एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालत होते, दोघांची चाल तंतोतंत सारखी, आणि मला मागून बघताना हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

एप्रिलमधल्या शुक्रवारी दुपारी, आता जिथे सोफे आहेत त्या हॉलमध्ये, जयंतीचा कार्यक्रम झाला. निळ्या पताका, मेणबत्त्यांचा वास, खिरीची मोठी पातेली. कारखान्यांतले, ऑफिसांतले सगळे आपले लोक कुटुंबासह आलेले. आबा पहिल्या रांगेत. मंचावर आग्नेलची गिटार, ढोलकीला दादाचा एक मित्र, आणि मागे कोरसमध्ये आमच्याच बायका, मीही त्यांत. वहिनीने आधी आबांची दोन गाणी घेतली, शेवटी त्यांचं नाव घेतलं, जिथे घ्यायचं तिथे. आबा मांडीवर बोटांनी ठेका धरून होते. मग तिने आग्नेलकडे बघितलं आणि तिचं गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्यालाच आबांची बोटं थांबली. मी त्यांच्याकडेच बघत होते. दुसरं कडवं झालं. आता ती गुणगुणणार आणि संपवणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, कारण तसंच ठरलं होतं. वहिनी एक पाऊल पुढे सरकली आणि आम्ही कुणीही कधी न ऐकलेलं कडवं तिने गायलं.

आबाकडून आला सूर, वाट माझी नवा ठाव,
बांधते गाणं, सांगे सुजाता, ऐक माझ्या गावा, नाव.

ओळ टाकून ती थांबली. आता कोरसने ती उचलायची. आम्ही उचलली नाही. आम्हाला पद्धत माहीत होती, आणि पद्धत घालून देणारा माणूस समोर बसला होता. त्यांचा होकार नसताना हे नाव आपण कसं घ्यायचं? गिटार फिरून फिरून तेच दोन स्वर वाजवत राहिली, ढोलकी हळू झाली. वहिनी मागे वळून बघेना. ती सरळ समोर बघत होती, हात अंगालगत, आणि तिने ती ओळ पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला. म्हातारा, थोडा फाटलेला, पण सुरात. "सांगे सुजाता." आबा बसल्या जागेवरूनच ओळ उचलत होते. मग ते उठले, टोपी नीट केली, पायऱ्या चढून मंचावर आले. मला वाटलं, मुलीच्या शेजारी उभे राहतील. ते तिला ओलांडून मागे आले, आमच्या ओळीच्या टोकाला मांडी घालून बसले, आणि कोरसमधल्या कुठल्याही साथीदारासारखे कानाला हात लावून मुलीचं नाव गाऊ लागले. मग आम्ही सगळ्याच गायलो. मी गायले ते रडतच, सुरात होते की नव्हते देव जाणे.

कार्यक्रम संपल्यावर ते वहिनीला एवढंच म्हणाले, "आता पार्टी तुजी."

कंपनीला तिने शेवटच्या कडव्यासकट गाणं देऊ केलं, नको असेल तर राहू दे म्हणाली. त्यांनी घेतलं. पुढे ती आणि दादा मुंबईला गेले, मी लग्न करून पुण्याला गेले, आग्नेल मडगावला परतला पण तिच्या प्रत्येक गाण्यात गिटार त्याचीच असते. वहिनीचं गाणं कुठल्या खणात ठेवायचं यावरून लोक अजून वाद घालतात. कंट्री की पॉप की लोकगीत. मुलाखतीत विचारलं की ती सांगते, माझ्या वडिलांच्या पार्टीतलं आहे.

आबा गेले. मी सोफ्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून त्या पलंगाकडे बघत राहिले, तेव्हा आतल्या पोऱ्याने येऊन काय हवंय विचारलं आणि मी उगाच पलंगाची किंमत विचारली. मागच्या महिन्यातच मी वहिनीला पुण्याच्या एका मोठ्या मंचावर ऐकलं. मागे कोरसला शिकलेली मुलं होती, तयारीची, गोड गळ्याची. शेवटचं कडवं आलं, वहिनीने आपलं नाव घेतलं, ओळ टाकली. मुलांनी ती लगेच उचलली, ती कधी चुकत नाहीत. तरी तेवढ्यात वहिनी थांबलेली मला दिसली, समोर पहिल्या रांगेकडे बघत, हात अंगालगत. मुलं गात होती आणि ती अजून वाट बघत होती.